तीन मिलिमीटर

मे महिन्यात क्नुट्सटॉर्पला पहिली शर्यत.
पहाटे गवत बर्फानं कुरकुरत होतं
आणि रांगेनं उभ्या होत्या साठ सालच्या घरगुती गाड्या,
ज्यांतून कधीकाळी पोरं पोहायला गेली, बटाट्यांची पोती आली,
एखादी म्हातारी शेवटची इस्पितळात गेली.
आता दारांवर पांढरी वर्तुळं, वर्तुळांत आकडे.
माझा एक्केचाळीस.
म्हणजे सिक्स्टेनचा. सीटही त्याच्याच मापाची,
पाठीशी दोन उशा घेतल्या की मला पुरते.

एकसष्ट वर्षांची मी, दातांच्या दवाखान्यातून निवृत्त.
भाऊ गेला, वहिनीला गाडी नको होती,
आणि विकायला काढली तर घेणारा म्हणाला, इंजिन ठेवतो, बाकी भंगार.

टू-स्ट्रोक साबचा आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला सांगते:
तापल्या वाळूत लाह्या फुटाव्यात तसा.
मागे निळा धूर, आणि दिवसभर केसांना जळक्या तेलाचा वास.
मी चौथी आले. एव्हर्टची व्होल्वो माझ्या पुढे, जेमतेम.
सगळे म्हणाले, रक्तातच आहे.

जूनमध्ये अँडरस्टॉर्प.
लांब सरळ पट्ट्यावर लाह्या एकदम थांबल्या.
चाकं आवळली, गाडी आडवी झाली,
गवतात जाऊन उभी राहिली
वाट चुकलेल्या गाईसारखी.

रात्रीचे अकरा, उजेड जायचं नाव घेईना.
तुवानं इंजिन उघडलं. एकवीस वर्षांची पोर, हात मात्र जुने.
तिनं व्हर्नियर लावला.
पुसून पुन्हा लावला.
मग माझ्याकडे न बघता म्हणाली,
धूर बाहेर जायची वाट तीन मिलिमीटर वर घासलीय.
तिन्ही सिलिंडरांत. सुबक. कानशीनं.

कानस.
माझा भाऊ तीस वर्षं शाळेत धातुकाम शिकवायचा.
पोरांच्या बोटांवर पट्टी मारून सांगायचा:
दोनदा मोज, एकदा घास.
मापात पाप नको.

शेल्फावर त्याचे नऊ चषक.

घासलेलं परत भरत नाही.
जुलैभर आम्ही दुसरा ब्लॉक शोधत हिंडलो.
अखेर एका गोठ्यात सापडला, दार अडवायला ठेवलेला,
गंजलेला, पण आतून कुमारिकेसारखा कोरा.
पैसे नकोत, मालकीण म्हणाली, पण दार अडवायचं कशानं?
तिला सिक्स्टेनचा ब्लॉक दिला.
तिनं तो पायानं सरकवला, दार थांबलं, बास.

ऑगस्टमध्ये मी अकरावी. मग बारावी.
तपासनीसानं कागद पाहिले, इंजिनाकडे पाहिलंही नाही.
सरळ रस्त्यावर ज्यांना मागे टाकायचे
ते आता हात हलवून पुढे जात.
वळणावर मात्र, का कोण जाणे, मी त्यांना गाठायचे.
कोणी रक्ताचं नाव काढलं नाही.

सप्टेंबर, येलेरोसेन, शेवटची शर्यत.
बर्च पिवळे, डांबर ओलं. मी शेवटून दुसरी.
सॉसेजच्या गाडीपाशी एव्हर्ट भेटला,
ज्याला सिक्स्टेननं सहा मोसम अर्ध्या सेकंदानं हरवलं होतं.
मी सगळं सांगून टाकलं. मिलिमीटरसकट.

तो चावत राहिला.
आवाजावरून कळायचंच की, म्हणाला.
लाह्या फार पातळ फुटायच्या.

मग बोलला का नाहीस?

तक्रारीची फी तीनशे क्राउन होती.
त्यानं ओठांवरची मोहरी पुसली. आणि खरं सांगू,
तुझा भाऊ ओल्या वळणावर जसा जायचा ना,
ते कानशीनं होत नाही.

कागदाची बशी दुमडून खिशात घातली,
कचऱ्याचा डबा शेजारीच असून.
पुढच्या मे महिन्यात जरा उशिरा ब्रेक मार, म्हणाला.
रिकाम्या आरशात बघून बघून
मान दुखते माझी.